घरच्या कुत्र्याचे आरोग्य : आजाराआधीची काळजी

आजार होऊ न देणे आणि झालाच तर तो सुरुवातीलाच हेरणे, ही कुत्र्याच्या प्रतिबंधक काळजीची दोन अंगे. त्यातले दुसरे पहिल्याइतकेच महत्त्वाचे, कारण हा प्राणी दुखणे अंगावर काढतो. पायात मुरगळा असलेला कुत्रा चेंडू दिसला की धावत सुटतो. हिरडी सडलेली असली तरी ताटली चाटूनपुसून लख्ख करतो. पशुवैद्याला तो वर्षातून दोन-चार वेळा दिसतो, तोही दहा-पंधरा मिनिटे आणि धास्तावलेला. घरच्यांना तो रोज दिसतो, म्हणून या कामाचा मोठा वाटा घरातच उचलावा लागतो. कातडी, पोट, दात, सांधे, मन आणि राहती जागा यांचा विचार त्यासाठी एकत्रच करायला हवा. मात्र लसीची जागा हळद घेऊ शकत नाही आणि गोचिडीच्या औषधाची जागा कडुनिंबाचा पाला.

आजार कळायचा तर त्या कुत्र्याची निरोगी अवस्था आधी ठाऊक हवी. कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे धडधाकट कुत्राही माणसाच्या हाताला गरमच लागतो, आणि नाक ओले की कोरडे यावरून ताप ठरवण्याला काही अर्थ नसतो. घरात त्याच्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर असावा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात हलकेच सरकवून मोजलेला आकडाच विश्वासाचा. ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला की ती जागा पांढरी पडते आणि अंगठा काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या फिकट दिसल्या तर रक्त कमी झाल्याची शंका घ्यावी, पिवळसर दिसल्या तर काविळीची. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. गाढ झोपेत श्वासांची संख्या मिनिटाला तिसाच्या आत राहते.

आठवड्यातून एकदा, अंग कोरडे असताना, नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवण्याची सवय लावावी. कानाचा वास घ्यावा. आंबूस वास आणि तपकिरी मळ असेल तर संसर्ग सुरू झालेला असतो. बोटांच्या बेचक्या, बगला, जांघा आणि गळ्यातल्या पट्ट्याखालची जागा चाचपावी. गाठ लागली तर ती वाटाण्याएवढी आहे की लिंबाएवढी, हे तारखेनिशी वहीत टिपून ठेवावे. महिन्याने ती वाढली का, याचे उत्तर आठवणीवर सोडता येत नाही. पिल्लू असतानाच असे हाताळले गेलेले कुत्रे पुढे दवाखान्याच्या टेबलावर कमी गडबड करतात, हा वरचा फायदा.

लसीकरणाविषयी सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे पिल्लाला दोन इंजेक्शने दिली की काम झाले. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात. ती रोगापासून वाचवतात, पण लसही निकामी करतात. कुठल्या पिल्लात ती सहाव्या आठवड्यात ओसरतील आणि कुठल्यात चौदाव्या, हे बाहेरून कळत नाही. म्हणून पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, आणि शेवटची वयाचे १६ आठवडे पूर्ण झाल्यावर, असा क्रम पाळतात. त्यानंतर वर्षभराच्या आत बूस्टर. मोठ्या कुत्र्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृतदाहाविरुद्धची प्रतिकारशक्ती तीन वर्षे किंवा अधिक टिकते, असे आज मानतात. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र दरवर्षी घ्यावीच लागते. आपल्याकडे ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ नावाने मिळणाऱ्या इंजेक्शनात हे सगळे एकत्र असते, म्हणून वेळापत्रक पशुवैद्याशी बोलून ठरवावे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली असली तरच उपयोगी. पिल्लू विकणाऱ्याने ‘लस दिली आहे’ असे नुसते तोंडी सांगितले आणि कार्डावर बाटलीचे लेबल, बॅच क्रमांक व पशुवैद्याची सही नसली, तर लस दिलीच नाही असे समजून चालणे शहाणपणाचे. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकताच येत नाही.

पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही न टोचलेल्या पिल्लांचा तो मोठा मारेकरी आहे. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. त्याचा विषाणू फरशीच्या सांध्यांत आणि अंगणाच्या मातीत कित्येक महिने तग धरतो. फिनाइलने तो मरत नाही. जागा आधी धुऊन मग ब्लीच एकास तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून किमान दहा मिनिटे ओले ठेवावे लागते. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले तिथे लसीकरण अपुरे असलेले नवे पिल्लू आणू नये.

रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी. इथे तडजोड नाही, कारण लक्षणे दिसल्यावर हा रोग माणसालाही सोडत नाही. घरच्या कुत्र्याला भटक्याने चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, आणि आधी लस झालेली असली तरी पुन्हा टोचून घ्यावे. जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीपूड भरू नये. धुणाऱ्याच्या हातावर ओरखडे असतील तर त्यानेही डॉक्टरांना गाठावे. सामूहिक लसीकरणाने काय साधते ते गोव्यात दिसले. तिथे मिशन रेबीज या संस्थेने २०१३ मध्ये काम सुरू केले आणि २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले.

महाराष्ट्रातल्या पाळीव कुत्र्यांचा नित्याचा शत्रू मात्र गोचीड. इथे सर्रास आढळते ती तपकिरी गोचीड कुत्र्याच्या रक्तावरच जगते, पण आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे तर घरात काढते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते, भिंतीवर चढते आणि खिडकीच्या चौकटीत, स्विचबोर्डामागे, सोफ्याच्या शिवणीत हजारोंनी अंडी घालते. त्यातून निघालेले मोहरीएवढे किडे पुन्हा कुत्रा शोधतात, रक्त पितात, गळतात, कात टाकतात. असे प्रत्येक अवस्थेत. उपाशीपोटी गोचिडी महिनोन् महिने राहू शकतात. म्हणूनच कुत्र्याला औषध घातले की आठवडाभर घर शांत असते आणि पुन्हा बगलेत टपोरा दाणा सापडतो. कुत्र्यावरचे औषध आणि घराच्या फटींची सफाई एकाच वेळी व्हायला हवी, आणि तीही तीन-चार महिने नेटाने.

अंगावर दिसलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि स्पिरिटमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात टाकावी. नखांमध्ये चिरडू नये. रॉकेल, काडीचा चटका, डांबरगोळीची पूड हे सगळे वर्ज्य. शेतातले कीटकनाशक बादलीत कालवून त्यात कुत्र्याला बुडवण्याची रीत अजून गावोगाव आहे. त्यात गोचिडीबरोबर कुत्राही दगावतो. पशुवैद्याने वजनाप्रमाणे दिलेल्या, एक ते तीन महिने टिकणाऱ्या गोळ्या, मानेवर घालायचे थेंब किंवा औषधी पट्टा, यांपैकी काहीतरी बारा महिने चालू ठेवावे. कुत्र्याला फिट येत असतील तर ते आधी सांगावे, कारण या गोळ्यांतले काही गट तेव्हा टाळतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले थेंब आणू नयेत. मांजरासाठी ते जीवघेणे असतात.

हा सगळा खटाटोप गोचीडताप टाळण्यासाठी. एर्लिकिया नावाचा जिवाणू गोचीड चावल्यावर काही तासांतच अंगात शिरू शकतो. ताप, खाण्यावरची वासना उडणे, मरगळ, पोटाच्या पातळ कातडीवर लाल-जांभळे ठिपके, आणि प्लेटलेट फार उतरल्या तर घोळणा फुटणे, ही त्याची चिन्हे. औषध स्वस्त आहे, पण ते सहसा चार आठवडे घ्यावे लागते. पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत जेवायला येतो, घरचे गोळ्या बंद करतात आणि रोग अस्थिमज्जेत दडी मारून बसतो. तोच पुढे काही महिन्यांनी रक्तक्षय होऊन उभा राहतो. गोचिडीतूनच येणारा बॅबेसियाचा ताप वेगळा, त्याची औषधेही वेगळी. म्हणून तापाच्या कुत्र्याचे रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने गोळ्या चालू करू नयेत.

जंतांचे औषध पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासूनच लागते, कारण गोलकृमी आईच्या गर्भातून आणि दुधातून उतरतात. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याने, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, असा साधारण प्रघात. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मागच्या वेळची गोळी या वेळी पुरेलच असे नाही. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. पिसवा काढल्याशिवाय नुसते जंतनाशक देणे व्यर्थ. खाटिकखान्यातली कच्ची वजडी, फुफ्फुसे कुत्र्याला घातल्यास ज्या कृमीची बाधा होते, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यावर यकृतात पाण्याची गाठ होते. मुले खेळतात त्या अंगणातली विष्ठा त्याच दिवशी उचलावी.

आहाराच्या बाबतीत मराठी घरांची ठरलेली चूक म्हणजे दूध-पोळी. कुत्रा मिटक्या मारत खातो, पोट भरते, वजनही वाढते. पण त्यात प्रथिने कमी पडतात, आणि अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नसल्याने पोट सतत ढिले राहते. माणसाच्या सोबतीत कुत्र्याची पिष्टमय पदार्थ पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा वाढली आहे, हे खरे. म्हणून भात, भाकरी निषिद्ध नाही. फक्त ताटलीत आधी मांस, अंडी, मासे यांची जागा ठरवावी आणि भाताने उरलेली जागा भरावी. शाकाहारी घरात अंडी चालत नसतील तर पनीर, दही, सोयाबीन, डाळी यांवर कुत्रा जगवता येतो, पण तेव्हा जीवनसत्त्वे आणि खनिजे पशुवैद्याकडून नीट बेतून घ्यावी लागतात. दुसरी चूक कोंबडी-भात खाऊ घालणाऱ्या हौशी घरांतली. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. नुसत्या चिकनवर वाढलेल्या पिल्लाच्या हाडांतले कॅल्शियम शरीर ओढून घेते आणि चार महिन्यांचे पिल्लू पाय फाकवून, पंजे सपाट टाकून चालू लागते. यावर घरीच कॅल्शियमची बाटली आणून ओतणेही चूक. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनेच सांधे बिघडतात. वेळ आणि हिशेब दोन्ही जमत नसतील तर वयानुरूप ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेले चांगले तयार खाद्य बरे.

किती घालावे हा प्रश्न काय घालावे याच्याइतकाच मोठा. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडोर जोड्या लावून जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे निघाले, दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे, सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा जडली. हा अभ्यास कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता, हे विशेष. वजनाचा अंदाज हातानेच येतो. बरगड्यांवरून बोटे फिरवताना मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा हडकुळा, तळहातासारख्या गादीखाली दडल्या तर लठ्ठ, आणि पसरलेल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यासारख्या लागल्या तर वजन योग्य. सोलापूर भागातल्या कारवानी कुत्र्यांची बांधणीच सडपातळ. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात म्हणून त्यांना तूप चारण्याचे कारण नाही. बिस्किटे, चीज, ताटातला घास हे सगळे मिळून दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ नये.

काही पदार्थ थोडेही नकोत. कांदा-लसूण रक्तपेशी फोडतात, आणि ते शिजवल्याने निर्धोक होत नाहीत. उरलेला रस्सा म्हणूनच वाईट. द्राक्षे, बेदाणे, मनुका काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात, तेव्हा प्रसादाचा शिराही जपूनच. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे च्युइंगम तितकेच घातक. मटणाच्या शिजलेल्या नळ्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीच देऊ नये.

तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांना थोडाफार विकार जडलेला असतो. मऊ ब्रशने आणि कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दाढांची बाहेरची बाजू रोज घासली तरी पुष्कळ फरक पडतो. माणसांची पेस्ट गिळली जाते म्हणून नको. साचलेले किटण भूल देऊनच काढावे लागते.

कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो. बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकेच इतकी आखूड की त्यांना तेही नीट जमत नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा सकाळी सातच्या आत आणि रात्रीच फिरवावे. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ काही सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवता येणार नाहीत. विदर्भात हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळणे ही हौस नव्हे, क्रूरता आहे. उष्माघात झाला की जोराची धाप, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ आणि मग झोकांडी. अशा वेळी अंगावर नळाचे पाणी ओतून पंखा लावावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. आधी गार करणे, मग नेणे, हा क्रम महत्त्वाचा.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, ओरखड्यातून शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांत त्याची मोठी साथ आली होती. कुत्र्यात तो यकृत आणि मूत्रपिंडावर घाला घालतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांनाही होऊ शकतो. त्यामुळे बूस्टर मे महिन्यातच द्यावा, डबक्यात उतरू देऊ नये, पाण्याची आणि जेवणाची भांडी रात्री उघडी ठेवू नयेत. फिरून आल्यावर पंजे पुसून कोरडे करावेत. कानात तेल घालणे टाळावे. ओलावा आणि तेल मिळून बुरशीला आयतेच घर होते. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी फिरवून आणावे, आतल्या खोलीत पंखा किंवा रेडिओ लावून ठेवावा. फार घाबरणाऱ्याला शांतवणारे औषध आधीच विचारून आणावे. फटाका वाजल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे राहते. हाच काळ लसीकरण अपुरे असण्याचा. म्हणून जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, दाढीवाले आजोबा हे सगळे दाखवावे. मोठ्या कुत्र्याला रोजचा व्यायाम हवाच, पण रमतगमत हुंगण्याची मोकळीकही हवी. त्याला ओढत नेऊन दहा मिनिटांत परत आणणे हे फिरवणे नव्हे. दिवसभर साखळीला बांधलेला किंवा बाल्कनीत कोंडलेला कुत्रा भुंकतो, पंजे चाटून सोलतो, आणि घरचे त्याला कातडीचा आजार समजून मलमे आणतात.

निर्बीजीकरण न झालेल्या मादीला माज येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. ती अचानक खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, कधी स्राव दिसला, तर त्याच दिवशी तपासावे. निर्बीजीकरणाने हा धोका टळतो आणि लवकर केल्यास स्तनांच्या गाठींचाही कमी होतो. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होऊ द्यावी, म्हणून वर्षभर थांबण्याचा सल्ला हल्ली देतात. मोकळे हिंडणाऱ्या कुत्र्यांत संगातून पसरणारी, जननेंद्रियावर येणारी रक्ताळलेली गाठ आपल्याकडे नवी नाही.

सात वर्षांनंतर, मोठ्या जातींत त्याआधीच, तपासणी सहा महिन्यांनी करावी. रक्तातले क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कामातून गेलेला असतो, म्हणून लघवीची तपासणीही सोबत हवी. पाणी मोजणे घरीही जमते. सकाळी बाटलीने मोजून भांडे भरावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे. दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरच्या वर गेले तर मूत्रपिंड, मधुमेह, संप्रेरके यांपैकी काहीतरी बिघडले आहे. झोपेतले श्वास सलग काही दिवस तिसाच्या वर जाऊ लागले तर हृदय तपासावे. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत क्ष-किरण आणि सोनोग्राफीसारख्या तपासण्या खासगी दवाखान्यांपेक्षा कमी खर्चात होतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे जिने चढणे कमी झाले, उठताना मागचे पाय घसरू लागले, तर ते वयाचे म्हणून सोडू नये. बहुतेकदा ते सांध्यांचे दुखणे असते आणि त्यावर कुत्र्यांसाठीची वेदनाशामके मिळतात. ती सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने यकृत व मूत्रपिंडाची तपासणी करतात. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी, आणि पंजांतले वाढलेले केस कापून नखे आखूड ठेवावीत.